अकरा नंबरची गुळणी

ही घटना खरी आहे.

असं म्हणणाऱ्यांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. पंचवीस वर्षं मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना औषधशास्त्र शिकवतो आहे. औषध शरीरात कुठे जातं, काय करतं आणि किती वेळाने उतरतं, हे मोजता आलं तर ते खरं. एवढीच माझी श्रद्धा. तरीही हे लिहितो आहे, कारण ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी आतेबहीण आहे. ताईला मी लहानपणापासून ओळखतो. ती खोटं बोलत नाही.

एक आकडा सोडला तर.

आणि कृपा करून रात्रीची वाट पाहू नका. या हकिगतीत रात्र नाही. जे घडलं ते सकाळी दहा वाजता, लख्ख उजेडात, बत्तीस खाटांच्या भरल्या वॉर्डात, औषधांच्या राउंडच्या वेळी घडलं.

रुग्णालयाचा दुसरा मजला. हृदयाच्या आणि छातीच्या रुग्णांचा वॉर्ड. अकरा नंबरची खाट. उशाशी खिडकी, पायथ्याशी हात धुण्याचं बेसिन.

बेसिन लक्षात ठेवा.

ताई नर्स म्हणून पक्की होती. रक्त पाहून तिची पापणी लवत नसे. पू, चिघळलेल्या जखमा, शौचाची भांडी, सगळं ती बोलता बोलता उरकायची आणि हात धुऊन शांतपणे डबा उघडायची. पण एका गोष्टीपुढे तिचे हात टेकायचे.

थुंकी.

कुणी खाकरलं की तिच्या पोटात ढवळायचं. आणि छातीच्या वॉर्डात तर दिवसच खाकरण्याने उजाडतो. बेडक्यांनी भरलेले झाकणाचे कप, वाफेच्या मास्कच्या कडेला सुकलेला पिवळट थर, उशीवर ओघळलेली तार... ताई ते सारं दोन बोटांच्या चिमटीत, श्वास रोखून उचलायची. घरी बेसिन घासायचं काम नवऱ्याकडे होतं.

"माणसाचं पोट फाडलेलं चालतं हिला," तिच्या सासूबाई म्हणायच्या, "पण माणसाने चूळ भरलेली चालत नाही!"

त्यावर घरात सगळे हसायचे. ताईसुद्धा.

अकरा नंबरला घड्याळवाले काका आले तेव्हापासून हे हसणं संपलं.

काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. हृदय थकलेलं, फुप्फुसं आवळलेली. त्यांना तीन औषधं होती आणि तिन्ही साधी होती. छातीसाठी स्टेरॉइडचा पंप: दोन दाब घ्यायचे आणि लगेच गुळण्या करून थुंकायचं, नाहीतर औषध तोंडात राहतं आणि बुरशी धरते. अंगातलं पाणी कमी करायला लघवीची गोळी. आणि हृदयासाठी डिजॉक्सिन, एक इवलीशी पांढरी गोळी. ती देण्याआधी रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. साठच्या खाली आले तर गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं. हा नियम माझ्या विद्यार्थिनी पहिल्याच महिन्यात पाठ करतात.

पाठ ताईलाही होता.

पण काका गुळणी फार सावकाश करायचे. गुळ... गुळ... गुळ... करत, मान मागे टाकून. मग ताईने धरलेल्या ट्रेमध्ये थुंकायचे, आणि हनुवटीपासून ट्रेपर्यंत एक तार लोंबत राहायची. असं तीन वेळा.

चौथ्या दिवशी ताई म्हणाली, "राहू द्या काका. एक दिवस नाही केली तर काही बिघडत नाही."

एका दिवसाचे सोळा दिवस झाले.

ठोके मोजण्याचंही तसंच. छातीवर वाकलं की काकांचं उघडं तोंड वीतभर अंतरावर यायचं. तो आंबूस वास... ताईने मिनिटाचे पंधरा सेकंद केले, गुणिले चार. मग पंधराचे पाच. मग ती स्टेथोस्कोप नुसता टेकवायची, उचलायची आणि चार्टवर आकडा लिहायची.

बहात्तर.

रोज बहात्तर. कुणालाही शंका येऊ नये असा निरोगी, गुटगुटीत आकडा. वॉर्डचे डॉक्टर तर तिला बहात्तर सिस्टरच म्हणायचे. "सिस्टर, तुमच्या वॉर्डात मेलेल्या माणसाचीसुद्धा नाडी बहात्तर लागत असेल!"

ती हसून मोकळी व्हायची.

काका मात्र हसले नाहीत. "सिस्टर," ते एकदा म्हणाले, "मिनिट झालं नाही."

"झालं की, काका."

"मी जन्मभर मिनिटंच दुरुस्त केली हो. आत्ता झाली ती चार सेकंदं."

"बरं बरं. उद्या मोजू तुमच्या घड्याळाने."

उद्या तिने मोजलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात काकांच्या जिभेवर साय धरली. पांढरी, जाड, कडेने सुटणारी. गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. त्यांनी जेवण टाकलं. ताईने शेरा लिहिला: 'रुग्ण जेवणाला नखरे करतो.' पोटात अन्न नाही, आणि लघवीच्या गोळीने पोटॅशियम रोज वाहून जातंय. अशा शरीरात डिजॉक्सिन विषासारखं चढतं. आधी अन्नाची शिसारी येते. मग डोळ्यांपुढे रंग बदलतात. मग हृदय एकेक पायरी खाली उतरत जातं.

"सिस्टर, भिंतीला पिवळा रंग कधी दिला?" काकांनी विचारलं.

भिंत पांढरी होती.

एकोणिसाव्या सकाळी ताईने स्टेथोस्कोप टेकवला, उचलला, बहात्तर लिहिलं आणि गोळी दिली. काकांनी ती मुकाट्याने गिळली. मग तिच्या मनगटाकडे पाहत म्हणाले, "तुमचं घड्याळ फार पळतंय, सिस्टर. बघून घ्या एकदा."

अकरा वाजता ते गेले.

डॉक्टरांनी चार्ट चाळला. एकोणीस दिवस, एकोणीस बहात्तर. "हृदय थकलेलंच होतं," ते म्हणाले. काकांच्या मुलीने ताईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "तुम्ही बाबांचं खूप केलंत हो."

ताईने त्या दिवशी डबा उघडला नाही.

पुढचे आठ दिवस काही घडलं नाही.

नवव्या दिवशी, सकाळी दहाला, ती औषधांची ट्रॉली घेऊन अकरा नंबरशी आली. खाट रिकामी होती. चादर ताणलेली. आणि पाठीमागून आवाज आला...

गुळ... गुळ... गुळ...

सावकाश. मान मागे टाकून केल्यासारखा.

मग शांतता.

मग... थू.

ताई वळली. बेसिनपाशी कुणीही नव्हतं. नळ बंद. भांडं कोरडं ठणठणीत.

पाइपात हवा अडकली की असा आवाज येतो. मीही तुम्हाला हेच सांगितलं असतं. ताईने प्लंबर बोलावला. त्याने खालचा वाकडा पाइप उघडला, आत बोट घातलं आणि ते चटकन पॅंटला पुसलं.

"पाण्याचं काही नाही, बाई," तो तोंड वाकडं करून म्हणाला. "पण हे काय टाकता तुम्ही यात? शी!"

पाइपाच्या आत पांढरी, दाट साय साचली होती.

त्यानंतर रोज दहा वाजता आवाज यायचा. इतर रुग्णांना तो ऐकू येत नसावा. निदान कुणी मान वळवत नसे. ताईने हे मनाचे खेळ ठरवले. अपराधी माणसाच्या कानांवर विसंबू नये, हे तिला कळत होतं.

मग वॉर्डातल्या सफाईच्या मावशींनी तिला कोपऱ्यात गाठलं.

"ओ सिस्टर, अकराला कोण आहे?"

"कुणी नाही. खाट रिकामी आहे ना?"

"रिकामी! मग रोज तिथला ट्रे काय मी हौसेने धुते? रोजचा भरलेला! असा तार सुटलेला... अहो, जेवण जात नाही मला. कुणाला तिथे थुंकायला पाठवता ते आधी थांबवा."

ताई जाऊन पाहून आली. खाटेखाली स्टीलचा ट्रे होता. त्यात दोन घोट गढूळ पाणी, वर फेस, आणि फेसात पांढरे पापुद्रे तरंगत होते.

ती बाहेर जाऊन ओकली.

पण ती शास्त्र शिकलेली होती. परत आली, श्वास रोखला, ट्रेमधलं थोडं एका बाटलीत घेतलं, वर 'खाट ११' एवढंच लिहिलं आणि बाटली लॅबमध्ये पाठवली. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. तो मी स्वतः पाहिला आहे. तंत्रज्ञाने निळ्या शाईने लिहिलंय: 'तोंडातील बुरशी भरपूर प्रमाणात. रुग्णाला पंपानंतर गुळण्या करायला लावाव्यात.'

दुसऱ्या कुणाचा ट्रे तिथे सरकवला गेला असेल. असं होऊ शकतं. वॉर्डात काहीही होऊ शकतं.

महिन्याभरात ताईने ऑपरेशन थिएटरमध्ये बदली मागून घेतली. तिथे रुग्णाच्या तोंडात नळी असते. खाकरायची सोय नाही.

चार महिने बरे गेले. तशी तिची भूक कायमची गेली होती. घास तोंडात घेतला की जिभेवर साय असल्यासारखी वाटायची. आरशात जीभ गुलाबी, स्वच्छ. तरी ती घासायची, रक्त येईपर्यंत.

आणि मग सासूबाईंना धाप लागली.

हृदय थकलेलं. छाती आवळलेली. दुसरा मजला. त्या दिवशी वॉर्डात एकच खाट रिकामी होती.

अकरा.

ताई त्यांना भेटायला रोज संध्याकाळी जायची, पण दारातूनच हात हलवून परतायची. बेसिन दिसेल इतकं आत जाणं तिला जमत नव्हतं. नवरा चिडला. "आईच्या जवळ दोन मिनिटं बसलीस तर झिजशील का?"

आठव्या दिवशी ती सकाळी गेली. पावणेदहा झाले होते. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. ताट तसंच होतं.

"या सूनबाई! वाट चुकलात की काय?"

"आई, तुम्ही काहीच खाल्लं नाही?"

"काय खाऊ? नुसतं बघून मळमळतं. तोंडात कापूस कोंबलाय कुणीतरी." त्यांनी जीभ बाहेर काढली.

जीभ पांढरी होती.

"पंपानंतर गुळण्या करत नाही का?"

"मी करत होते. ती धाकटी सिस्टर आहे ना, ती म्हणाली, राहू द्या आजी, एक दिवस नाही केली तर काही बिघडत नाही. चांगली पोरगी आहे. तुझ्याच हाताखाली शिकली म्हणे."

ताईने खाटेला अडकवलेला चार्ट उचलला. अक्षर धाकट्या सिस्टरचं होतं.

बहात्तर. बहात्तर. बहात्तर. बहात्तर. बहात्तर. बहात्तर. बहात्तर.

"आणि काय गं," सासूबाई खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "हे पडदे असले पिवळे कशाला लावलेत?"

पडदे निळे होते.

ट्रॉलीची चाकं वाजली. धाकटी सिस्टर हसतमुखाने आली. हातातल्या छोट्या कपात पांढरी गोळी होती. "अय्या सिस्टर, तुम्ही! आजींचं मस्त चाललंय हं, नाडी बहात्तर."

"मोजलीस?"

धाकटीचा चेहरा उतरला. "म्हणजे... तुम्ही शिकवलं तसं."

ताईने तिच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घेतला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजत होते. ती सासूबाईंच्या छातीवर वाकली. उघडं तोंड वीतभरावर आलं. तो आंबूस वास नाकात भरला.

तिने मोजायला सुरुवात केली.

एक... दोन...

आणि पाठीमागे आवाज सुरू झाला.

गुळ... गुळ... गुळ...

तीन... चार...

आवाज बेसिनपाशी नव्हता. तो जवळ येत होता.

पंधरा सेकंदांत अकरा ठोके झाले. अकरा चोक चव्वेचाळीस. इथे थांबता आलं असतं. ती थांबली नाही. तीस सेकंद झाले. मध्येच दोन ठोके गळाले. पंचेचाळीस सेकंद झाले. तिच्या मानेवर काहीतरी ओलं, कोमट टेकलं आणि तार होऊन कॉलरच्या आत उतरू लागलं... पाठीच्या कण्यावरून, सावकाश... तिने मान हलवली नाही. तिने दात आवळले. छप्पन्न सेकंद. सत्तावन्न. अठ्ठावन्न. एकोणसाठ.

साठ.

ठोके अडतीस होते.

तिने कान मोकळे केले, तेव्हा कानाशी कुणीतरी समाधानाने म्हणाल्यासारखं वाटलं...

"आता झालं मिनिट."

गोळी थांबवली गेली. डॉक्टर धावत आले. रक्त तपासलं, तर पोटॅशियम तळाला गेलेलं. सासूबाईंना तीन दिवस अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, पण त्या वाचल्या.

"पण काल बहात्तर होती!" डॉक्टर चार्ट आपटत म्हणाले. "परवा बहात्तर होती! एका रात्रीत अडतीस कशी होईल?"

धाकटी रडत होती. इन्चार्ज सिस्टर तिच्यावर तुटून पडणार, एवढ्यात ताई म्हणाली, "तिला बोलू नका. बहात्तर मी शिकवलं. घड्याळवाल्या काकांची नाडी मी कधीच पूर्ण मोजली नव्हती."



इन्चार्ज सिस्टरने रेकॉर्ड रूममधून काकांची फाइल मागवली. खोलीला कुलूप असतं, किल्ली एकाच कारकुनाकडे. तो स्वतः फाइल घेऊन आला. वरची धूळ झटकून त्याने दोरी सोडली.

एकोणीस दिवसांच्या एकोणीस नोंदी. सगळ्या बहात्तर.

आणि त्या तिथे संपत नव्हत्या...

पान उलटलं. मृत्यूच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, सकाळी दहा, नाडी बहात्तर. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. त्याच्याही दुसऱ्या दिवशी. पानामागून पान. अक्षर ताईचं, एका काना-मात्रेचा फरक नाही. मृत्यूनंतरच्या एकूण एकशे सेहेचाळीस नोंदी, आणि प्रत्येकीपुढे शेऱ्याच्या रकान्यात तेच दोन शब्द.

'गुळणी राहिली.'

शेवटची नोंद त्याच सकाळची होती.

डॉक्टरांना आपला जुना विनोद आठवला असावा. ते पांढरेफटक पडले. त्यांनी पान सोडायचा प्रयत्न केला, पण ते त्यांच्या बोटांना चिकटून वर आलं, आणि कागद आणि बोट यांच्यामध्ये एक बारीक, चकचकीत तार ताणली गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो. चौकशी झाली. ताईने सगळं कबूल केलं आणि नोकरी सोडली. काकांच्या मुलीला तिने घरी जाऊन सांगितलं. बोलणं सुरू होताना तिने ताईचा हात धरला होता. तो तेवढा तिने सोडला.

ती पानं ताईनेच नकळत लिहिली असतील, असं मी बराच काळ मानत आलो. अपराधी मन काहीही लिहून ठेवतं. कुलपाचं काय, हा प्रश्न मी बाजूला ठेवला होता.

गेल्या महिन्यात ताई दोन दिवस आमच्याकडे राहायला आली. पहिल्याच सकाळी, दहाला पाच कमी असताना, तिने पेलाभर कोमट पाणी मागितलं. पिशवीतून स्टीलचा एक ट्रे काढला आणि ती आमच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिली.

मला सुट्टी होती. मी बेसिनकडे पाठ करून पेपर वाचत होतो.

गुळ... गुळ... गुळ...

ताई गुळणी करते आहे, असं मी स्वतःला सांगितलं. गुळणी करताना माणसाला बोलता येत नाही, हे मला माहीत आहे.

आवाज चालू होता. आणि तो चालू असतानाच ताई मऊ आवाजात म्हणाली, "सावकाश, काका. मी धरलाय ट्रे."

मग... थू.

असं तीन वेळा.

थोड्या वेळाने ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. ट्रेवर रुमाल झाकलेला होता. "बघतोस?" ती म्हणाली. "तू मोजमापाचा माणूस. एकदा बघून घे."

पंचवीस वर्षं मी पोरींना सांगत आलो आहे: बघा, मोजा, मग लिहा. मला फक्त रुमाल उचलायचा होता. पण त्या रुमालाखालून तो आंबूस वास आला, आणि मी पेपर तोंडापुढे धरला.

"राहू दे, ताई," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे फार विचित्र नजरेने पाहिलं. मग ट्रे धुतला आणि दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्याला तीन आठवडे झाले. काल बायको माझ्यावर वैतागली. हातात घासणी होती, नाक मुरडलेलं. "अहो, गुळण्या करा, पण बेसिनमध्ये पाणी तरी ओतत जा! रोज सकाळी दहाला ऐकते मी. वर ती पांढरी साय तशीच. किळस येते मला."

सकाळी दहा वाजता मी वर्गात असतो.